कर्मचाऱ्यांना संगणकावर शिकवायचं, तर बीडमध्ये खर्च किती?

बारा माणसांची एक पतसंस्था धरू. माजलगावात म्हणा, केजमध्ये म्हणा. एक मॅनेजर, दोन कॅशियर, पाच क्लार्क, तीन पिग्मी एजंट, एक शिपाई. नवं सॉफ्टवेअर बसलंय, रोजमेळ हातानं लिहायचा बंद झालाय, आणि मासिक सभेत एखादे संचालक विचारतात, "या सगळ्यांना कॉम्प्युटरवर ट्रेनिंग द्यायचं तर कोर्स कितीला पडतो?" कोर्सचा आकडा सांगणं सोपं आहे, कारण तो या हिशोबातला सगळ्यात लहान आकडा असतो आणि पुष्कळदा शून्य असतो. पैसे जातात ते दुसरीकडेच.

संगणकावरचं प्रशिक्षण म्हणजे समोर मास्तर नाही. पडद्यावर धडा चालतो, माणूस आपल्या वेगानं पाहतो, तिथंच सराव करतो, शेवटी चाचणी देतो. माणशी २० तासांचा अभ्यासक्रम धरू. हा आकडा हवेतला नाही. केंद्र सरकारचं ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ पासून मार्च २०२४ पर्यंत चाललं, त्यातला प्राथमिक अभ्यासक्रम २० तासांचाच होता आणि त्यासाठी प्रशिक्षण केंद्राला माणशी ३०० रुपये मिळत. शिकणाऱ्याला काही भरावं लागत नसे.

आता आपला हिशोब. सरासरी पगार महिना १२,००० धरला, २६ दिवस आणि रोजचे ८ तास, तर तासाला ५८ रुपये पडतात. बारा माणसं, वीस तास, म्हणजे १३,९२० रुपयांची पगारी वेळ. सरावासाठी एक जुना पण नीट केलेला लॅपटॉप २०,००० रुपये. तीन हेडफोन १,८००. तीन महिन्यांचं इंटरनेट १,८००. कामातल्या पायऱ्यांच्या मराठी छापील चिठ्ठ्या करून काउंटरपाशी लावायच्या, त्याचे १,०००. आणि आपल्यातल्याच एका जाणत्या क्लार्कला 'अडलं की विचारा' या कामासाठी वेगळा भत्ता ३,०००. एकूण ४१,५२० रुपये, माणशी ३,४६०. लॅपटॉप पुढची काही वर्षं टिकणार, तो वजा केला तर २१,५२० उरतात आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश निव्वळ पगारी वेळेचे आहेत. तुमचे पगार वेगळे असतील, हेडफोन घरून येतील, आकडे हलतील. वेळेचा वाटा मात्र मोठाच राहील.

म्हणूनच बहुतेक ठिकाणी हा वेळ हिशोबातून गायब केला जातो. "घरी जाऊन मोबाइलवर बघा, रविवारपर्यंत संपवा." कागदावर खर्च शून्य होतो आणि शिकणंही शून्य होतं. रात्री साडेनऊला जेवणखाण उरकून, पोरांचा अभ्यास घेऊन, मग जीएसटीचा व्हिडिओ कोण बघणार? तो चालू ठेवून फोन उशाशी ठेवला जातो आणि सकाळी शंभर टक्के पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र येतं. मालकांनी यात कर्मचाऱ्याला दोष देऊ नये. शिकवायचं ते ड्यूटीच्या वेळेत, आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, काउंटरपासून लांब. पिग्मी एजंट कमिशनवर असेल तर त्या तासाची वसुली बुडते, तेव्हा त्यालाही त्या तासाचं काहीतरी द्या. एवढी तयारी नसेल तर कोर्स विकत घेऊच नका, पैसे वाचतील.

लॅपटॉपबद्दल एक सूचना. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या. वीस हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या जुन्या मशिनांत विंडोज ११ न पेलणाऱ्या कितीतरी असतात आणि त्या आता घाईघाईनं विकायला निघाल्यात. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅम, एसएसडी, निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी आणि जीएसटीचं बिल. यातलं एक नसेल तर दुसऱ्या दुकानात चला. डेस्कटॉप स्वस्त पडतो, पण आपल्याकडं लाइट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. धडा अर्ध्यावर बंद पडला की काही ठिकाणी पहिल्यापासून पाहावा लागतो. अडीच-तीन हजारांचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, तेवढ्यात धडा सेव्ह होतो. लॅपटॉपला तो लागत नाही, फक्त विकत घेताना बॅटरी किती वेळ चालते ते दुकानातच बघा.

मोबाइल डेटावर धडे पाहायचे असतील तर मध्यम स्पष्टतेचा तासाभराचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी खातो. रोज दीड जीबीचा पॅक, जो २८ दिवसांना तीनशेच्या आसपास पडतो, त्यात हे बसतं. पण तो पॅक कर्मचाऱ्याचा आहे, संस्थेचा नाही. रिचार्जचे पैसे द्या किंवा ऑफिसचं वायफाय द्या.

आता कोर्स. फुकट काय मिळतं ते आधी पाहा, कारण विकणारा ते सांगणार नाही.

मराठीतून शिकायचं तर माझ्या मते पहिला मान आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाला. केंद्र सरकारच्या पैशातून उभा राहिलेला, पूर्ण मोफत, आणि बऱ्याच धड्यांचा आवाज मराठी. लिब्रे ऑफिसमधलं पत्रलेखन, हिशोबाची शीट, सादरीकरण हे सगळं त्यात आहे. धडा दहाएक मिनिटांचा. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. पडद्याच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यात तेच सॉफ्टवेअर उघडं. बाई सांगतात, "ए-वन या रकान्यात नाव लिहा." इथं व्हिडिओ थांबवायचा, नाव लिहायचं, मग पुढं. दहा मिनिटांच्या धड्याला अर्धा तास लागतो आणि तसाच लागायला हवा. न थांबता पाहिला तर तो सिनेमा होतो. धडे उतरवून पेनड्राइव्हवरही ठेवता येतात, त्यामुळं पाटोद्यात, शिरूर कासारात नेट अडखळलं तरी अडत नाही. एकच लक्षात ठेवा, तुमच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट एक्सेल असेल तर बटणांच्या जागा थोड्या वेगळ्या दिसतील. तेवढं जाणत्या क्लार्कनं दाखवावं.

मोंढ्यातल्या आडत दुकानांना आणि जिनिंगवाल्यांना मुख्यतः टॅली लागतं. दिवाणजींना शिकवण्यासाठी दुसरं लायसन्स घ्यायला निघालात तर थांबा. टॅलीप्राइमचं एका मशीनचं लायसन्स २२,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० च्या घरात जातं. पण तेच सॉफ्टवेअर लायसन्सशिवाय 'एज्युकेशनल मोड'मध्ये फुकट चालतं. अट एवढीच की व्हाउचरची तारीख महिन्याची पहिली, दुसरी किंवा शेवटची टाकावी लागते. सरावाला ते पुरेसं आहे. कापसाची खरेदी, हमाली, तोलाई, बाजार समितीचा सेस, सगळ्या नोंदी १ तारखेवर टाकून बघता येतात. खऱ्या शेतकऱ्याच्या, खऱ्या ठेवीदाराच्या खात्यावर मात्र शिकाऊ हात फिरवू देऊ नका. नोंद चुकते ते तर आहेच, शिवाय लोकांची माहिती भलत्या मशीनवर जाते.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मिशन कर्मयोगीचा 'आयगॉट कर्मयोगी' हा ऑनलाइन मंच आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मिशन कर्मयोगीला मंजुरी दिली तेव्हा ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांना ५१०.८६ कोटी रुपये धरले होते. भागाकार करा, माणशी १,११० रुपये, वर्षाला २२२. बाहेरचा विक्रेता माणशी पाच-सहा हजारांचं दरपत्रक घेऊन आला की हा आकडा समोर ठेवून बोलायला बरा. इतक्या मोठ्या संख्येचा भाव आपल्याला मिळणार नाही हे खरं, पण घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं. खाजगी नोकरदारांना इन्फोसिस स्प्रिंगबोर्ड आणि स्किल इंडिया डिजिटल हब ही दोन मोफत दुकानं उघडी आहेत. माल भरपूर, पण पुष्कळसा इंग्रजी-हिंदीत. आधी एका क्लार्कनं पाहून चार धडे निवडावेत, सगळ्यांना जंगलात सोडू नये.

सेवा सोसायट्यांचं वेगळं आहे. जून २०२२ मध्ये केंद्रानं ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच सेवा सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला २,५१६ कोटी मंजूर केले, म्हणजे सोसायटीला सरासरी चार लाखांच्या आसपास. त्यात मशीन, सॉफ्टवेअर, जुन्या नोंदी भरणं यांच्याबरोबर प्रशिक्षणही धरलेलं आहे आणि अंमलबजावणी नाबार्डकडं आहे. तुमची सोसायटी त्यात असेल तर गटसचिवाच्या प्रशिक्षणासाठी वेगळा खर्च मंजूर करण्याआधी मिळायचं ते मिळालं का हे सहायक निबंधक कार्यालयात विचारा. आणि सहकारी संस्थेत प्रशिक्षणाच्या खर्चावर कुणी नाक मुरडलं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २४-अ दाखवा. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी त्यात संस्थेवरच टाकली आहे.

पैसे मोजून घ्यायचं ते प्रमाणपत्रासाठी. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी २००१ पासून चालू आहे, बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावीच काय, मोठ्या बाजारगावांतही केंद्र सापडतं. फी पाच हजारांच्या घरात, दोनेक महिने, हप्ते करून मिळतात. बाराच्या बारा जणांना हा कोर्स लावणं म्हणजे साठ हजारांची उधळण. ज्यांनी माउसला कधी हात लावला नाही अशा दोघा-तिघांना लावा. आणि कुणाला फक्त नोकरीच्या अटीपुरतं प्रमाणपत्र हवं असेल, हात आधीच बसलेला असेल, तर नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सीसीसी परीक्षेला थेट बसता येतं. तिची फी ५०० अधिक जीएसटी, ५९० रुपये. अभ्यास घरी करायचा. राज्य सरकारच्या बऱ्याच पदांना दोन्ही चालतात, तरी जाहिरातीतली ओळ वाचूनच पैसे भरा.

बाहेरच्या कंपनीचं दरपत्रक वाचताना डोळे उघडे लागतात. "माणशी महिना फक्त १५० रुपये" असं ठळक लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरात 'किमान ५० वापरकर्ते, वार्षिक आगाऊ'. तुमची माणसं बारा. १५० गुणिले ५० गुणिले १२, झाले ९०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,०६,२००. म्हणजे प्रत्यक्षात माणशी ८,८५०, आणि त्यातही मराठी आवाजाचे वेगळे पैसे. जीएसटी नोंदणी नियमित असेल तर हा कर पुढच्या करातून वळता होतो, कंपोझिशनमधल्या दुकानदाराला तो अंगावरच पडतो. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: दुसऱ्या वर्षी दर किती, सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवा घालता येतो का, आणि करार संपल्यावर आपल्या माणसांचे निकाल आपल्याला मिळतात का. शेवटचा हप्ता, निदान पाव रक्कम, काम पाहून द्यायचा. काम पाहणं म्हणजे प्रमाणपत्र मोजणं नव्हे. क्लार्कला समोर बसवा आणि म्हणा, मुदत ठेव मुदतीआधी मोडून दाखवा. दाखवली तर हप्ता द्या.

पन्नासच्या आतल्या संस्थेला असली सदस्यता लागतच नाही, असं माझं मत आहे. तुमच्या सॉफ्टवेअरवरचं काम तुमच्याच जाणत्या क्लार्कनं करावं, पडदा रेकॉर्ड करावा (ओबीएस नावाचं मोफत साधन आहे), आणि ते पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून सगळ्यांना द्यावेत. आवाज गावरान असला तरी चालतो. उलट 'हितं दाबा, मंग ते उघडतंय' हे पुण्याच्या गुळगुळीत आवाजापेक्षा लवकर कळतं.

भाषा आणि हातातलं यंत्र, दोन्हींकडं दुर्लक्ष केलं की काय होतं ते महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे होते, पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत होतं, आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी येत होता. सेविका शिकायला तयार नव्हत्या असं म्हणणाऱ्यांनी आपल्या आईला इंग्रजी अ‍ॅपवर वजनाच्या नोंदी भरायला लावून बघावं. दुसरं उदाहरण शिक्षकांचं. २०२२ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीचं प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं इन्फोसिसच्या ऑनलाइन मंचावरून घेतलं. माणशी २,००० रुपये शिक्षकांनी स्वतः भरले. त्यांच्या वेतनवाढीचा प्रश्न होता, त्यांनी भरले. तुमच्या दहा-बारा हजार पगाराच्या क्लार्कच्या बाबतीत हा नमुना गिरवू नका. फी पगारातून परस्पर कापायचा विचार तर सोडाच, वेतनाच्या कायद्यात ठरावीक कपातींनाच परवानगी आहे.

बाहेरगावी पाठवणं स्वस्त पडेल का, हेही विचारलं जातं. छत्रपती संभाजीनगरला दोन दिवसांच्या वर्गाला माणूस पाठवला तर वर्गाची फी अडीच हजार धरा, एसटीचं जाणं-येणं साडेचारशे-पाचशे (महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट), एक मुक्काम हजार-बाराशे, जेवण पाच-सहाशे, दोन दिवसांचा पगार ९२३. साडेपाच हजारांच्या आसपास जातं. बाराही जणांना पाठवणं परवडत नाही, एका जाणत्याला पाठवणं परवडतं. तो परत येऊन रेकॉर्डिंग करेल.

काही गोष्टी पडद्यावर शिकवायच्या नसतात. नकली नोट हातानं चाचपूनच ओळखू येते. अग्निशामक नळकांडं एकदा तरी स्वतः उघडावं लागतं. चिडलेल्या ठेवीदाराशी कसं बोलायचं हे व्हिडिओत दिसतं, जमतं मात्र काउंटरवरच. उलट नियम, कायदे, अर्जांचे नमुने यांना पडदा उत्तम. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली अंतर्गत समिती लागते आणि कर्मचाऱ्यांत जागृती करणंही मालकावर बंधनकारक आहे; त्याचा तासाभराचा मराठी धडा वर्षातून एकदा सगळ्यांनी पाहून प्रश्नोत्तरं सोडवावीत, हजेरीची सही घ्यावी. हे काम आपल्याकडं फारच थोड्या संस्था करतात.

वेळ कोणती निवडायची त्यावर निम्मं यश आहे. तेलगाव, गढीकडच्या साखर कारखान्यांत गाळप सुरू झालं की गव्हाणीपासून काट्यापर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नसते, तिथं जून ते ऑगस्ट. जिनिंगला कापसाचा हंगाम दिवाळीनंतरचा, त्यांनीही पावसाळा गाठावा. कृषी सेवा केंद्रवाल्यांचं बरोबर उलटं, जून-जुलैमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्यांनी फेब्रुवारी-मार्च घ्यावा. पतसंस्थांनी मार्चएंड आणि त्यानंतरचं लेखापरीक्षण टाळून ऑगस्ट-सप्टेंबर. आयकरात प्रशिक्षणाचा खर्च त्याच वर्षी धंद्याचा खर्च म्हणून जातो, संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, तेव्हा बिलं वेगवेगळी करून घ्या.

फसवणूक झाली तर? इथं एक बारकावा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूनं घेतलेली सेवा सहसा 'ग्राहका'च्या व्याख्येत बसत नाही. एकट्यानं पोटापाण्यापुरता धंदा करणाऱ्याला सवलत आहे, मोठ्या फर्मला नाही. म्हणजे फर्मनं वर्षाची सदस्यता घेतली आणि कंपनी गायब झाली, तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तुमची तक्रार पहिल्याच तारखेला या मुद्द्यावर अडू शकते. दिवाणी दावा आणि करारातल्या अटी हाच आधार उरतो. कर्मचाऱ्यानं स्वतःच्या खिशातून क्लासची फी भरली असेल तर त्याची बाजू जास्त भक्कम. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही, त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. दोन्हींकडं पहिली विचारणा पावतीची होते. क्लासवाल्यानं फी फोन-पेवर घेतली आणि पावती 'उद्या देतो' म्हणाला, तर उद्या ती घेऊनच या, तारीख, कोर्सचं नाव, कालावधी आणि शिक्का बघून.